हौदातली वाटणी

शरच्चंद्र मत्स्य खात्यात लागला त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत त्याच्या आईने 'मासा' हा शब्द एकदाही तोंडाबाहेर पडू दिला नव्हता. बुलढाण्यात कुणी विचारलं, की ती सांगायची, "शरद पाण्याच्या खात्यात आहे." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरणं यायची, कालवे यायचे. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, जिल्हा परिषदेच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता, आणि पाण्याच्या खात्यातला मुलगा म्हणजे जावई म्हणून सोन्यासारखा. चिखलीच्या उत्तमराव मास्तरांनाही तसंच वाटलं. त्यांच्या शरयूला पाहायला श्रावणातल्या गुरुवारी दुपारी यायचं, असं ठरलं.

आणि कलकत्त्याहून निघालेले माशांचे डबे नेमके त्याच गुरुवारी पहाटे मलकापूर स्टेशनावर येऊन उतरले.

खरं तर दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण ही वाटणी शरच्चंद्रची होती, नोकरीतली पहिली. साहेब म्हणाले होते, "उंद्रीला आणि साखरखेर्ड्याला सारखंच देऊन टाका. कुणाची कटकट नको." शरच्चंद्र मात्र दोन्ही तळ्यांवर जाऊन आला होता, काठावर बसला होता, गुडघाभर पाण्यात उतरला होता, आणि साहेबांपुढे उभं राहून म्हणाला होता, की सारखं देणं म्हणजे बरोबर देणं नव्हे. एवढं बोलल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं होतं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच वाटा."

तेव्हा आईला त्याने सांगितलं, "तू एस.टी.ने परस्पर चिखलीला ये. मी गाडीतून पोचतो." चांगला सदरा त्याने पिशवीत घातला आणि सरकारी ट्रकमध्ये दयाराम ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

मलकापूरला त्याने पहिला डबा उघडला आणि आतली प्लास्टिकची पिशवी उन्हासमोर धरली. पिशवीत खाली पाणी, वर फुगवलेला प्राणवायू, आणि त्या पाण्यात बोटाएवढे कटला आणि रोहू, पाठी काळसर, पोटं चांदीची. ही बोटुकली. लाल दोरीच्या डब्यांत ती होती, उंद्रीसाठी. पांढऱ्या दोरीच्या डब्यांत बारकं बीज, ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसेल, पण एकेका पिशवीत एवढं की पाणी थरथरल्यासारखं दिसावं. ते साखरखेर्ड्याचं. शरच्चंद्रने जन्मात मासा खाल्ला नव्हता. पण पिशवीतला हा उजेड पाहिला की त्याच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

"साहेब, हसता काऊन?" दयाराम म्हणाला.

"काही नाही. चल."

राजूरच्या घाटात ट्रक दोनदा तापला. दयारामने दोनदा पाणी ओतलं, तिसऱ्यांदा शिव्या ओतल्या, आणि गाडी कशीबशी बुलढाणा ओलांडून चिखलीच्या नाक्यापर्यंत आली. तिथे पंख्याचा पट्टा तुटला. दयारामने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बिडी पेटवली. यावरून शरच्चंद्रला काय ते कळलं.

आभाळ सकाळपासून झाकलेलं होतं, ते नेमकं आत्ता फाकलं. ऊन पत्र्याच्या डब्यांवर पडलं. त्याने एका डब्यात हात घातला. पिशवी कोमट लागली, आणि बोटुकली वर येऊन तोंडं उघडमिट करत होती.

"पट्टा कधी मिळेल?"

"एस.टी.च्या मेकॅनिकले पायतो. दोपार तं होईनच."

दुपारपर्यंत हे जगणार नव्हते. सावली हवी होती आणि गार पाणी हवं होतं, पुष्कळ. चिखलीत त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. गेला महिनाभर आईने मात्र एका घराचं वर्णन करून करून त्याचे कान किटवले होते: नाक्याच्या आत पेरूची बाग, बागेत घर, घरामागे विहीर, आणि विहिरीला लागून एवढा मोठा हौद, की त्यात म्हशी पोहाव्यात.

शरच्चंद्र क्षणभर रस्त्यात उभा राहिला. मग त्याने समोरून जाणारा हातगाडीवाला थांबवला.

दार उघडलं ते मास्तरांच्या बहिणीने, सिंधूताईंनी. कपाळ कोरं, हातांना बेसन. समोर चिखलाने भरलेला, घामाघूम तरुण, आणि त्याच्यामागे डब्यांनी भरलेली हातगाडी.

"तेल नाही घेत आम्ही दारावरचं," त्या म्हणाल्या.

"तेल नाही. मी शरच्चंद्र. बुलढाण्याचा."

सिंधूताईंनी त्याला खालून वर पाहिलं. "तुमी तं दोपारी येनार होते न?"

"येणारच आहे. म्हणजे दुपारी पाहायला येईन. आत्ता मला फक्त तुमचा हौद हवा आहे."

"अन् डब्यात काय हाये?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण डबे गरम होत होते.

"मासे," तो म्हणाला. "जिवंत."

सिंधूताईंनी बेसनाचे हात पदराला पुसले, आणि पदर कशाने माखला ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "दादा," त्या घरात तोंड करून म्हणाल्या, "पावने आले. अन् श्रावनात मासे घेऊन आले."

उत्तमराव मास्तर बाहेर आले. उंच, सडसडीत, गळ्यात तुळशीची माळ. शरच्चंद्रने एका दमात सगळं सांगितलं: खातं, डबे, पट्टा, ऊन. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाण्याचं खातं ते हे?"

"हो."

मास्तरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "पाणी तर आहेच त्यात. आणा आत. जीव आहेत ते."

हौद खरोखरच मोठा होता, जांभळीच्या सावलीत, काठोकाठ भरलेला. एकेक पिशवी पाण्यावर सोडताना त्याला वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे. वळला तर एक मुलगी. वेणी अर्धी घातलेली, अर्धी सुटलेली. बहुतेक दुपारच्या तयारीतून उठून आली होती.

"सोडत का नाही त्यांना?" तिने विचारलं. "पिशवीसकट का ठेवलंत?"

"एकदम सोडलं तर दचकतात. आतलं पाणी गरम, बाहेरचं गार. पिशवी अशीच थोडा वेळ तरंगू द्यायची. दोन्ही पाणी सारखं झालं, की मग तोंड उघडायचं. पण हे इथे सोडायचे नाहीतच, फक्त गार करायचे."

ती हौदाच्या काठावर गुडघ्यांवर बसली आणि एका पिशवीवर बोट ठेवलं. आतली बोटुकली सगळी त्या बोटाकडे आली. ती हसली, आणि शरच्चंद्रच्या डोक्यातून तळी, डबे, पट्टा, साहेब सगळं पार निघून गेलं.

"हे मोठे आणि ते एवढेसे," ती म्हणाली. "यांची भावंडं का?"

"नाही, वेगळ्या वयाचे. मोठे उंद्रीला, बारके साखरखेर्ड्याला."

"असं का?"

आजवर हा प्रश्न त्याला साहेबांनीसुद्धा विचारला नव्हता. तो सांगू लागला आणि सांगतच राहिला. शरयू मधे मधे विचारत होती, अर्धी वेणी विसरून गेली होती. पेरूच्या झाडाआडून मास्तर पाहत होते, आणि त्यांना समजेना, की ठरलेला कार्यक्रम सुरू झाला आहे की व्हायचा आहे.

इतक्यात फाटकाशी गलका झाला.

दोन्ही गावची माणसं सकाळपासून चिखलीत येऊन थांबली होती. गाडीत बसून वाजतगाजत गावी जायचं म्हणून. उंद्रीचे सरपंच उकंडराव ताशेवाला घेऊन आले होते. साखरखेर्ड्याचे महादेवराव फेटा बांधून. दयारामने त्यांना इकडचा पत्ता दिला होता, आणि जाता जाता कोणत्या दोरीत काय आहे तेही सांगून टाकलं होतं.

"साहेब," महादेवराव फाटकातूनच म्हणाले, "हा काय न्याय झाला? उंद्रीला बोटबोट मासे अन् आमाला कोंडा?"

"कोंडा नव्हे, बीज आहे. आणि तुमचे संख्येने कितीतरी जास्त आहेत."

हे ऐकून उकंडराव पुढे झाले. "जास्त? म्हंजे आमाले कमी देऊन राह्यले? आमचा तलाव जुना हाये साहेब. मान हाये त्याले."

शरच्चंद्रने प्रशिक्षणात शिकलेलं सगळं बोलायला सुरुवात केली. बारमाही जलाशय, हंगामी जलाशय, जगण्याचं प्रमाण, नैसर्गिक खाद्य. तो जसजसा बोलत गेला तसतसे दोघांचे चेहरे आखडत गेले. उकंडरावांचा ताशेवाला कंटाळून पेरू तोडू लागला. साहेब म्हणाले होते ती कटकट हीच, असं शरच्चंद्रच्या मनात आलं आणि त्याचा आवाज बारीक झाला.

तेव्हा शरयू फाटकाजवळ आली. "काका," ती उकंडरावांना म्हणाली, "तुमच्या तलावात आत्ता कोण राहतं?"

"कोन राह्यते म्हंजे?"

"मासे बिसे. आधीचे."

उकंडरावांनी छाती काढली. "पोरी, आमच्या तलावात मरळ हाये. एकेक मरळ हातभर. मांगच्या साली बदकाचं पिल्लू पान्यात उतरलं. मी काठावर उभा होतो. पिल्लू होतं, अन् मंग नव्हतं."

"आणि तुमच्या?" तिने महादेवरावांना विचारलं.

महादेवराव मागे कसे राहतील? "आमचं तळं औंदाचंच. चैतात बांध घातला, आखाडात भरलं. असं निर्मळ पानी जिल्ह्यात नाही. मरळ सोडा, त्यात अजून बेडूक बी धड ओरडत नाही."

"मग उंद्रीच्या तलावात हे बारके सोडले तर?"

उकंडराव मनातल्या मनात त्या मरळीसमोर मूठभर बीज टाकून पाहत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाश्ता होईन मरळीचा," ते शेवटी म्हणाले.

"म्हणून तुम्हाला मोठे," शरच्चंद्र म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "मरळीच्या घशात सहज न जाणारे. आणि महादेवराव, तुमच्याकडे त्यांना खाणारं कुणी नाही. नव्या पाण्यात खायला मात्र भरपूर. बारके असले तरी जगतील. होळीला पाणी आटेल तोवर वीतभर झालेले असतील, आणि उंद्रीपेक्षा किती तरी जास्त."

महादेवरावांनी फेटा काढून पुन्हा डोक्यावर ठेवला. "लै जास्त?"

"लई."

"मग ठीक हाय," महादेवराव म्हणाले आणि उकंडरावांकडे पाहून हसले. उकंडरावही हसले, आपल्या मरळीची एवढी सरकारदरबारी दखल घेतली गेली याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता.

सगळे मिळून हौदाकडे आले. हौदाच्या काठावर सिंधूताई उभ्या होत्या, हातात विळी, आणि पायाशी रिकाम्या पिशव्यांचा ढीग.

"किती घाबरे झाले होते जीव," त्या म्हणाल्या. "तोंडं वासून राह्यले होते बिचारे. देल्लं सोडून सगळ्याइले."

हौदात लाल दोरी नव्हती, पांढरी दोरी नव्हती. बोटुकली आणि बीज, उंद्री आणि साखरखेर्डा, सगळं एका पाण्यात गोल गोल फिरत होतं.

उकंडरावांनी महादेवरावांकडे पाहिलं. मास्तरांनी माळेला हात लावला. आणि मग शरच्चंद्रला हसू फुटलं. कुठून आलं त्याचं त्याला कळेना, पण थांबेना. शरयू हसायला लागली, मग मास्तर, आणि पेरू खाणाऱ्या ताशेवाल्याला ठसका लागला.

"हसन्यासारखं काय झालं?" सिंधूताई म्हणाल्या.

"आत्या," शरयू डोळे पुसत म्हणाली, "लाह्यांची चाळण कुठे आहे?"

नागपंचमीच्या लाह्या चाळायची ती मोठ्या भोकांची चाळण. लाही वर राहते, न फुटलेला दाणा खाली पडतो. शरयूने ती हौदात बुडवली, पाण्याखालून अलगद उचलली. बारकं बीज भोकांतून पाण्याबरोबर निसटलं. चाळणीत तीन बोटुकली तडफडत राहिली, ती तिने लगेच शेजारच्या पाण्याच्या घंगाळात सोडली.

त्यानंतर मास्तरांच्या घरात जे झालं ते त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. शेजारपाजारच्या घरांतून लाह्यांच्या चाळण्या आल्या. मास्तरांनी खोलीतली मच्छरदाणी काढली, ती दोन्ही सरपंचांनी दोन टोकांना धरली आणि धोतरं खोचून हौदात उतरले. "हळू, वर उचलू नका, पाण्यातच राहू द्या, हात ओले ठेवा," शरच्चंद्र ओरडत होता. कमरेपर्यंत पाण्यात, सगळ्यांच्या मधोमध. उकंडरावांच्या धोतरात बीज शिरलं आणि ते जागच्या जागी नाचू लागले. महादेवराव म्हणाले, "राव, ते आमचे हायेत, हळू झटका." ताशेवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने काठावर बसून ताशा सुरू केला. घंगाळं, हंडे, बादल्या, सगळं भरून निघालं. सिंधूताई कोपरापर्यंत पाण्यात होत्या आणि प्रत्येक बोटुकल्याला "ये व माय, ये" म्हणत होत्या.

याच गोंधळात शरच्चंद्रची आई एस.टी.तून उतरून फाटकात आली. नवीन लुगडं, हातात नारळाची पिशवी. तिने पाहिलं: होणारे व्याही ओले, होणारी सून ओली, आणि मुलगा हौदात उभा राहून ताशाच्या तालावर मासे मोजतो आहे.

"शरद," ती एवढंच म्हणाली.

"या, बसा," मास्तर म्हणाले. "पाण्याच्या खात्याचं काम चाललंय."

आईने नारळ ओट्यावर ठेवले. मग पदर खोचला आणि विचारलं, "कोणते मोठे नि कोणते बारके?"

एक घंगाळ भरायचं राहिलं तेव्हा सिंधूताई आडव्या आल्या. "दोन गावाले वाटा देल्ला. हौदाले नाही काय? त्याच्यानंच तं वाचवले."

शरच्चंद्रने विचार केला. हौदात मरळ नव्हती, पाणी आटणार नव्हतं, आणि खाणारं तर या घरात कुणीच नव्हतं. असं पाणी त्याच्या प्रशिक्षणात कुठल्याच प्रकारात बसत नव्हतं. त्याने पाच मोठी बोटुकली हौदात परत सोडली. "देखरेख तुमची," तो म्हणाला. सिंधूताईंनी मान डोलावली, जणू त्या खात्यातच होत्या.

दुपार कलली तेव्हा दयाराम पट्टा बसवून ट्रक घेऊन आला. पिशव्या फाटल्या होत्या, प्राणवायू उडून गेला होता, तेव्हा आता पाण्यात हवा घालायला माणसांचे हातच होते. डब्याडब्याशी माणूस बसला आणि ओंजळीने पाणी वर उचलून खाली सोडू लागला. मास्तर म्हणाले, "आम्हीही येतो. इतकं केल्यावर सोडताना पाहायला नको का?" सिंधूताई आणि शरच्चंद्रची आई पुढे दयारामशेजारी बसल्या. मागे मास्तर, शरयू, दोन्ही गावं, ताशा आणि मासे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. ट्रक खड्ड्यात आदळला की सगळ्यांवर पाणी उडे आणि सगळे हसत. महादेवराव उंद्रीच्या डब्यातलं पाणी हलवत होते आणि उकंडराव साखरखेर्ड्याच्या. कुणी कुठे बसायचं याच्या घाईत तसंच झालं होतं, आणि कुणी बदललंही नाही. शरयू शरच्चंद्रच्या समोर होती, मधे एक हंडा. ओंजळीने पाणी सोडताना दोघांचे हात एका लयीत वरखाली व्हायला लागले, तेव्हा तिने मुद्दाम लय मोडली आणि दुसरीकडे पाहिलं. गालात हसू मात्र तसंच होतं.

उंद्रीच्या काठावर पोरंसोरं, बाया, म्हातारे सगळे जमले होते. बोटुकली उथळ पाण्यात, लव्हाळ्याच्या आडोशाला सोडली. मरळ खोलात असते म्हणून. तरी दूर पाण्यात एक मोठा वळसा उठला. बोटुकली एकदम लव्हाळ्यात शिरली. वळसा विरला. उकंडराव हळूच म्हणाले, "पायलं? मी सांगतलं न."

साखरखेर्ड्याला पोचले तेव्हा सूर्य बांधावर टेकला होता. नवं तळं, तांबूस पाणी, काठावर एक झाड नाही. शरयूने शेवटचा हंडा स्वतः वाकवला. बीज पाण्यात सुटलं आणि क्षणात दिसेनासं झालं, जणू कुणी चिमूटभर काहीतरी विरघळवलं. शरच्चंद्र पाहायला पुढे वाकला. नव्या बांधाची माती ओली होती. पाय सरकला आणि तो, चिखलीहून निघताना अंगात चढवलेल्या त्या चांगल्या सदऱ्यासकट, तळ्यात बसला.

काठावरून मोठा हशा उठला. महादेवरावांनी हात देऊन त्याला ओढलं आणि मास्तरांना म्हणाले, "गुरुजी, पाहायचा कारेक्रम होता म्हनं आज. मुलगा दाखवून झाला. आता पोरीला विचारा की, कसा वाटला."

शरच्चंद्रची आई पुढे सरकली. सिंधूताईंनी दयारामला इंजिन बंद करायला सांगितलं. शरच्चंद्रच्या कानात ताशा वाजत होता, खरा ताशा तर कधीच थांबला होता.

शरयूने रिकामा हंडा कडेवर घेतला. "मला एकच विचारायचंय," ती वडिलांना म्हणाली. "पुढच्या श्रावणात डबे येतील तेव्हा मलकापूरला कोण जाणार?"

"मीच," शरच्चंद्र म्हणाला.

"मग मीही येईन," ती म्हणाली, आणि हंडा घेऊन ट्रककडे चालू लागली.

मास्तरांनी तिच्या पाठीकडे पाहत हसून मान हलवली. मग शरच्चंद्रच्या आईकडे वळून म्हणाले, "ताई, मार्गशीर्षातली तिथी चालेल?"

आई काही बोलण्याआधीच सिंधूताई म्हणाल्या, "चालते." शरच्चंद्र मात्र काठावर उभाच होता, चिखलाने माखलेला, पायातली एक चप्पल तळ्यात गेलेली. दयारामने दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्या हॉर्नला तो एका पायाने लंगडत, हसत, ट्रकमागे पळत सुटला.